नळातील दाबाचा धक्का आणि मनगटातील नाडी

माणदेशातील शाळेत पाण्याविषयी पाठ देणाऱ्या शिक्षकास विषयाची प्रस्तावना शोधत बसावे लागत नाही. आटपाडी तालुका पर्जन्यछायेच्या प्रदेशात वसलेला असून माणगंगेचे पात्र वर्षातील पुष्कळ काळ कोरडे असते. पाणी किती मोलाचे आहे हे येथील मुलास पुस्तकातून शिकावे लागत नाही. १९९३ साली आटपाडी येथे नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने पाणी परिषद भरली आणि दुष्काळी तालुक्यांच्या मागणीस संघटित रूप आले. पुढे टेंभू उपसा सिंचन योजनेतून कृष्णेचे पाणी कराडजवळील टेंभू येथून टप्प्याटप्प्याने उचलून या तालुक्यापर्यंत आणण्यात आले. आता कालव्यांबरोबरच बंद नळांतूनही हे पाणी शेतापर्यंत पोहोचते. डाळिंबाच्या बागा व शेततळी यांना जोडणाऱ्या पाइपलाइनी तर गावोगाव जमिनीखाली पसरल्या आहेत.

पाणी उघड्या पाटातून वाहत होते तोपर्यंत त्याचे वर्तन डोळ्यांना दिसत असे. दारे धरणारा शेतकरी मातीचा बांध घालून पाणी वळवी आणि पाणी फार झाले तर बांध फुटताना त्याला दिसे. बंद नळातील पाणी मात्र दिसत नाही. त्यातील दाब दिसत नाही व त्या दाबात क्षणार्धात होणारे फेरफारही दिसत नाहीत. केव्हातरी व्हॉल्व्ह बंद करताच जमिनीखालून 'धाड' असा आवाज येतो, आणि काही वेळाने दुसऱ्याच कोणाच्या रानात जमीन ओली होऊन पाइप फुटल्याचे कळते. पाण्याची पाळी वाया जाते, दुरुस्तीचा खर्च पडतो व पुष्कळदा दोन शेजाऱ्यांत बोलाचाली होते. हा धक्का कसा उत्पन्न होतो, नळातून धावताना तो कसा बदलतो आणि त्यापासून बचाव कसा करावा, हे उद्या व्हॉल्व्ह हाताळणाऱ्या मुलांस कळणे अगत्याचे आहे. हाच धक्का प्रत्येक मुलाच्या मनगटातही दर मिनिटास सत्तर-ऐंशी वेळा उमटत असतो. त्यामुळे हा पाठ देण्यास साहित्याची वाण पडत नाही.

पाणी चालते, धक्का धावतो

प्रथम एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. नळातून पाणी वाहण्याचा वेग आणि त्या पाण्यातून दाबाचा धक्का पसरण्याचा वेग या दोन सर्वस्वी भिन्न गोष्टी आहेत. शेतीच्या पाइपलाइनमध्ये पाणी सामान्यतः सेकंदाला १ मीटरच्या आसपास वेगाने वाहते, म्हणजे माणूस सावकाश चालावा तसे. दाबाचा धक्का मात्र त्याच पाण्यातून सेकंदाला शेकडो मीटर धावतो.

हा भेद समजण्यास मेंढरांच्या कळपाचे उदाहरण उत्तम आहे. अरुंद बोळातून कळप पुढे चालला असता वाड्याचे दार अकस्मात बंद झाले अशी कल्पना करावी. सर्वांत पुढचे मेंढरू दारापाशी थांबते, त्याच्या मागचे त्याला टेकून थांबते, मग त्याच्या मागचे. प्रत्येक मेंढरू जेमतेम पाऊलभर पुढे सरकते, परंतु थांबण्याची क्रिया मात्र बोळभर मागे मागे जाते. मेंढरे पुढच्या दिशेने चालत होती आणि दाटी मागच्या दिशेने पसरली. नळातही असेच घडते. व्हॉल्व्ह एकाएकी बंद झाला की त्याच्या लगतचा पाण्याचा थर थांबतो. मागून येणारे पाणी त्यावर दाटते, तेथील पाणी किंचित दबते व नळाची भिंत किंचित फुगते. नंतर त्याच्या मागचा थर थांबतो. पाणी थांबल्याची व दाब वाढल्याची ही सीमारेषा व्हॉल्व्हपासून उगमाकडे धावत जाते. यालाच जलाघात म्हणतात.

धक्क्याचा वेग कशावर अवलंबून असतो

मोकळ्या व विस्तीर्ण पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,४८० मीटर वेगाने जातो. नळाच्या भिंती पूर्णपणे ताठ असत्या तर नळातील धक्काही त्याच वेगाने गेला असता. प्रत्यक्षात प्रत्येक भिंत थोडीबहुत ताणली जाते, आणि जितकी ती अधिक ताणली जाते तितका धक्का मंदावतो. पोलादी नळात हा वेग सेकंदाला १,००० मीटरच्या आसपास असतो. शेतात वापरल्या जाणाऱ्या पीव्हीसी पाइपमध्ये तो जाडीनुसार साधारण २५० ते ४०० मीटर असतो. मऊ रबरी नळीत तो काही दशक मीटरांपर्यंत, किंवा त्याहूनही खाली येतो.

भिंतीचा ताठपणा, तिची जाडी आणि नळाचा व्यास या तीन गोष्टींवर हा वेग अवलंबून असतो. भिंत ताठ व जाड असेल तर वेग वाढतो आणि व्यास मोठा असेल तर वेग घटतो. रबरासारख्या लवचीक नळीत ताठपणा चौपट झाला तर वेग दुप्पट होतो. हा नियम १८७८ साली मोएन्स व कोर्टेवेग या दोन डच शास्त्रज्ञांनी मांडला. त्यापूर्वी १८०८ साली इंग्लंडमधील डॉक्टर थॉमस यंग याने रक्तवाहिन्यांचा विचार करताना याच दिशेने गणित केले होते. नळातील पाणी व शरीरातील रक्त या दोहोंचे शास्त्र आरंभापासून असे हातात हात घालून चालत आले आहे.

आणखी एक गोष्ट वेगावर फार मोठा परिणाम करते, ती म्हणजे पाण्यात मिसळलेली हवा. वातावरणाच्या दाबाखालील पाण्यात शंभर भागांत एक भाग जरी हवेचे बुडबुडे असले तरी धक्क्याचा वेग सेकंदाला शंभर-सव्वाशे मीटरपर्यंत खाली येतो. पाणी दाबले जाण्यास अत्यंत नाखूष असते आणि हवा सहज दबते. मूठभर बुडबुडे सबंध पाण्याला जणू मऊ करून टाकतात.

धक्का किती मोठा असतो

मॉस्को शहरातील पाण्याचे नळ वारंवार फुटत असत. त्याचे कारण शोधण्यासाठी निकोलाय झुकोव्स्की या रशियन शास्त्रज्ञाने लांब नळांवर प्रयोग करून १८९८ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याने सांगितलेला नियम सातवी-आठवीच्या मुलासही सोडविता येईल इतका सोपा आहे. धक्क्याचा वेग आणि पाण्याच्या वेगात एकाएकी झालेली घट यांचा गुणाकार करून त्यास १० ने भागावे, म्हणजे दाबातील वाढ पाण्याच्या उंचीच्या मीटरांत अजमासाने मिळते. नेमका भाजक गुरुत्वत्वरणाचा, म्हणजे ९.८ आहे. पाण्याची १० मीटर उंची म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे १ किलो दाब होय.

उदाहरणार्थ, पीव्हीसी पाइपमध्ये धक्क्याचा वेग सेकंदाला ३०० मीटर असून पाणी सेकंदाला १ मीटर वेगाने वाहत आहे. व्हॉल्व्ह एकदम बंद केला तर ३०० × १ ÷ १० = ३० मीटर, म्हणजे सुमारे ३ किलो दाब वाढेल. तेच पाणी पोलादी नळातून त्याच वेगाने वाहत असेल तर १,००० × १ ÷ १० = १०० मीटर, म्हणजे सुमारे १० किलो दाब वाढेल. ताठ नळात धक्का केवळ अधिक वेगाने धावतो असे नव्हे, तर तो अधिक जबरही असतो. लवचीक नळ थोडा फुगून धक्क्याचा जोर स्वतःत सामावून घेतो.

आता शेतकऱ्याच्या बाजूने हिशेब पाहावा. माळावरील शेततळ्यातून उतारावर १,२०० मीटर लांबीची पाइपलाइन आली असून शेत तळ्यापेक्षा २५ मीटर खाली आहे. पाणी स्थिर असता शेवटच्या टोकाशी अडीच किलो दाब असतो. पाइप '४ किलो' वर्गाचा असल्याने शेतकरी निश्चिंत असतो. परंतु व्हॉल्व्ह झटक्यात बंद होताच अडीच अधिक तीन, म्हणजे साडेपाच किलोपर्यंत दाब चढतो. पाइपवर छापलेला ४ हा आकडा सर्व मुलांनी पाहिलेला असतो, पण त्याचा अर्थ सहसा कोणी सांगितलेला नसतो. तो आकडा पाइपने नित्य सोसावयाच्या दाबाचा असतो, हे या निमित्ताने त्यांच्या ध्यानी आणून द्यावे.

किती सावकाश म्हणजे सावकाश?

'व्हॉल्व्ह हळू फिरवावा' असा उपदेश सर्वजण करतात, परंतु हळू म्हणजे किती, याचे उत्तर धक्क्याच्या प्रवासातच आहे. वरील उदाहरणात दाबाचा तरंग व्हॉल्व्हपासून निघून १,२०० मीटर दूर असलेल्या तळ्यापर्यंत ४ सेकंदांत पोहोचतो. तळे उघडे असल्यामुळे तेथे दाब वाढू शकत नाही. दाटलेले पाणी तळ्याकडे परत ढकलले जाते आणि दाब उतरल्याचा निरोप घेऊन उलट तरंग व्हॉल्व्हकडे निघतो. त्यालाही ४ सेकंद लागतात. म्हणजे व्हॉल्व्ह बंद होऊ लागल्यापासून ८ सेकंदांपर्यंत व्हॉल्व्हपाशी सुटकेचा निरोप पोहोचतच नाही. या ८ सेकंदांच्या आत व्हॉल्व्ह पूर्ण बंद झाला, तर तो एका सेकंदात बंद केला काय किंवा सात सेकंदांत केला काय, धक्का पूर्ण जोराचाच बसतो.

बंद करण्यास ८० सेकंद लावले आणि पाण्याचा वेग सारख्या प्रमाणात घटत गेला, तर आधीच्या फेरफाराचा भार परतणारा तरंग वेळोवेळी उतरवितो आणि धक्का सुमारे दहाव्या हिश्श्यावर येतो. मात्र येथे एक खोच आहे. व्हॉल्व्हचे पहिले आटे फिरविताना पाणी फारसे कमी होत नाही. खरी घट शेवटच्या काही आट्यांत होते. म्हणून आरंभी सावकाश व शेवटी घाई करणारा माणूस धक्का देतो, तर आरंभी घाई केली तरी शेवटचे आटे थांबत थांबत फिरविणारा माणूस पाइप वाचवितो. पाइपलाइन जितकी लांब तितका हा वेळ अधिक द्यावा लागतो.

वाटेत होणारे बदल

व्हॉल्व्हपाशी निघालेला धक्का दूर जाईपर्यंत जसाच्या तसा राहत नाही. त्यात होणारे बदल चार प्रकारचे आहेत.

पहिला बदल घर्षणाचा. पाणी व भिंत यांच्या घर्षणाने आणि भिंतीच्या पदार्थाच्या ताणण्या-आखडण्याने धक्क्याचा जोर हळूहळू खर्ची पडतो. त्याची तीक्ष्ण धार बोथट होते. आरंभी उभ्या कड्यासारखा चढणारा दाब पुढे टेकडीच्या उतारासारखा चढू लागतो.

दुसरा बदल नळाच्या टोकाशी होतो. टोक उघड्या तळ्यात असेल तर वाढीव दाबाचा तरंग घटीव दाबाचा होऊन परततो. टोक बंद असेल तर तरंग त्याच रूपात परततो आणि येणारा व जाणारा तरंग एकमेकांवर चढून त्या जागी दाबाची वाढ दुप्पट होते.

तिसरा बदल नळाचा व्यास बदलतो तेथे होतो. नळाच्या छेदाचे क्षेत्रफळ पुढे निम्मे झाले, तर अरुंद भागात शिरणारा धक्का मूळ धक्क्याच्या चार तृतीयांश होतो. उलट रुंद भागात शिरताना तो कमी होतो.

चौथा बदल फाट्यापाशी होतो. एक नळ त्याच मापाच्या दोन नळांत विभागला गेला तर प्रत्येक फाट्यात मूळ धक्क्याचा दोन तृतीयांश भाग शिरतो. पाण्याप्रमाणे धक्काही निम्मा-निम्मा वाटला जाईल, अशी अपेक्षा साहजिक असली तरी ती चुकीची आहे.

या चार गोष्टी एकत्र केल्या म्हणजे गावातील एका नित्याच्या कोड्याचा उलगडा होतो. मूळ धक्का ३ किलोचा असता फाट्यात २ किलोचा शिरतो. तो फाटा पुढे टोपी लावून कायमचा बंद केलेला असेल तर त्या बंद टोकाशी तो दुप्पट होऊन ४ किलोचा होतो. घर्षणाने त्यातील काही भाग कमी होत असला, तरी व्हॉल्व्हपासून दूर असलेल्या, पाणी वाहतही नसलेल्या जुन्या तुकड्यात मूळ धक्क्याहून मोठा धक्का बसू शकतो. ज्याच्या रानात पाइप फुटतो त्याच्या हातून चूक झालेली असतेच असे नाही आणि ज्याच्या हातून चूक होते त्याला तिचा पत्ताही नसतो. सामाईक पाइपलाइनवर पाणी घेणाऱ्या शेतकऱ्यांत जो वाद होतो त्यात पुष्कळदा दोघेही आपापल्या परीने खरे असतात. पाण्याचे वाटप समन्यायी व्हावे यासाठी ज्या तालुक्याने चळवळ केली, तेथील मुलांना व्हॉल्व्ह फिरविण्याची जबाबदारीही सामाईक असते हे शास्त्राच्या आधारे सांगता येणे, हा या पाठाचा मोठा लाभ होय.

वीज गेल्यावर काय होते

उपसा पाइपलाइनीत याच्या उलट क्रमाने धोका उत्पन्न होतो. मोटार चालू असता वीज गेली की पंप थांबतो, परंतु नळातील पाणी आपल्या वेगामुळे काही क्षण वर चढतच राहते. पंपापाशी दाब एकदम घटतो आणि घटीव दाबाचा तरंग वर धावतो. वाटेत टेकाडावर पाइपलाइनीला उंचवटा असेल तर तेथे दाब इतका उतरतो की पाण्याची वाफ होऊन प्रवाह मधोमध तुटतो. मग चढलेले पाणी मागे फिरते, तुटलेले दोन भाग परस्परांवर आदळतात आणि जबर धक्का बसतो. म्हणून उंचवट्यावर एअर व्हॉल्व्ह बसवितात. दाब उतरताच तो हवा आत घेतो व पाणी परतताना ती सावकाश बाहेर सोडतो. पंपाजवळचा परतरोधक व्हॉल्व्ह उलट आलेले पाणी अडवितो. मात्र तो पाणी उलटे धावू लागण्यापूर्वीच मिटला पाहिजे, नाहीतर तोच धक्क्याचे कारण होतो. वीज परत येताच भरभर स्टार्टर दाबणेही योग्य नाही. नळातील तरंग शांत होण्यास अवधी द्यावा.

मोठ्या प्रकल्पांत हाच विचार भव्य प्रमाणावर केलेला असतो. कोयना जलविद्युत प्रकल्पात जलाशयाचे पाणी डोंगरातील लांब बोगद्यातून पोफळीच्या बाजूस नेलेले आहे. विजेची मागणी एकाएकी घटली म्हणजे जनित्रांकडे जाणारे पाणी कमी करावे लागते. त्या वेळी बोगद्यातील प्रचंड जलराशीस थबकण्यास जागा हवी, म्हणून बोगद्याच्या शेवटी उल्लोळ विहीर बांधलेली आहे. पाणी तिच्यात उसळून चढते व सावकाश स्थिर होते. शेतातील साध्या पाइपलाइनीवर मध्येच उभा केलेला उघडा पाइप हे त्याच तत्त्वाचे लहान रूप होय.

हा धक्का केवळ उपद्रवीच असतो असेही नाही. उष्ण हवेच्या विमानाचा एक निर्माता जोसेफ माँगोल्फिए याने १७९६ च्या सुमारास जलाघाताच्याच बळावर चालणारा पंप तयार केला. त्यात वाहते पाणी एक झडप आपोआप मिटविते, धक्का उत्पन्न होतो आणि त्या धक्क्याने थोडे पाणी बरेच उंच चढते. त्यास वीज लागत नाही व तेलही लागत नाही. मात्र थोडे पाणी चढविण्यासाठी पुष्कळ पाणी वाहू द्यावे लागते.

मनगटातील नाडी

हृदय दर ठोक्यास रक्ताचा एक घोट महारोहिणीत सोडते. त्या वेळी रोहिणीची भिंत फुगते, दाब वाढतो व तो तरंगरूपाने पुढे धावतो. मनगटावर बोटांना लागते ती नाडी म्हणजे हा तरंग होय. हृदयातून नुकतेच निघालेले रक्त त्या क्षणी मनगटात येऊन पोहोचले, असा समज चुकीचा आहे. तरंग हृदयापासून मनगटापर्यंत सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास पोहोचतो. रक्तास त्याच वाटेला काही सेकंद लागतात. पाणी चालते व धक्का धावतो, हाच नियम येथेही लागू आहे.

तरुण माणसाच्या महारोहिणीत हा तरंग सेकंदाला सुमारे ५ ते ६ मीटर वेगाने जातो. हातापायांकडील रोहिण्या अरुंद व अधिक ताठ असल्याने तेथे वेग वाढतो. गमतीची गोष्ट अशी की, हृदयापासून दूर जाताना रक्ताचा सरासरी दाब किंचित उतरत असला तरी नाडीचा चढ-उतार मात्र वाढतो. दंडातील दाबाचा उच्च बिंदू महारोहिणीतील उच्च बिंदूहून काहीसा वर असतो. पुढच्या वाहिन्यांचा ताठपणा आणि लहान वाहिन्यांकडून परतणारे तरंग ही त्याची कारणे होत. अगदी सूक्ष्म वाहिन्यांत पोहोचेपर्यंत घर्षणाने नाडी जवळजवळ विरते आणि केशवाहिन्यांतून रक्त पुष्कळसे संथ वाहते. शरीरातील नाजूक पेशींपर्यंत धक्का न पोहोचता केवळ पोषण पोहोचावे अशी ही योजना आहे.

वय वाढते तशी रोहिण्यांची भिंत ताठ होत जाते. १९२२ साली ब्रॅमवेल व हिल या इंग्रज शास्त्रज्ञांनी नाडीच्या तरंगाचा वेग व रोहिणीची लवचीकता यांचा संबंध मांडून दाखविला. तरुणपणी परतलेला तरंग हृदयाची झडप मिटल्यावर पोहोचतो आणि हृदयाच्या स्नायूंना रक्त मिळण्यास साहाय्य करतो. ताठ रोहिणीत तो लवकर परततो. हृदय रक्त बाहेर लोटीत असतानाच तो समोर उभा ठाकतो व हृदयाचा भार वाढतो. मानेपासून मांडीपर्यंत हा वेग सेकंदाला १० मीटरहून अधिक आढळल्यास डॉक्टर ती धोक्याची खूण मानतात. पोलादी नळात धक्का जबर बसतो हे ज्या मुलास कळले, त्यास आजोबांनी रक्तदाब का तपासून घ्यावा व तंबाखू का सोडावी हे निराळे सांगावे लागणार नाही.

वर्गात करावयाचे प्रयोग

१. वीस मुलांना रांगेत उभे करून प्रत्येकाने पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवावेत. शेवटच्या मुलाने हलकेच दाब द्यावा व ज्याच्या खांद्यावर दाब येईल त्याने तो पुढे पोहोचवावा. कोणीही जागा न सोडता दाब पुढे गेला हे निदर्शनास आणावे.

२. सायकलीच्या दोन-तीन जुन्या ट्यूब कापून जोडाव्यात, पाण्याने पूर्ण भराव्यात व दोन्ही टोके घट्ट बांधावीत. एका टोकावर हलकी टिचकी मारून दुसऱ्या टोकास बोट लावावे. धक्का किंचित उशिरा पोहोचल्याचे जाणवेल. नंतर थोडी हवा आत सोडून तोच प्रयोग करावा. धक्का कमजोर झालेला आढळेल. हवेचा परिणाम समजण्यास हा प्रयोग पुरेसा आहे.

३. मुलांनी एका हाताने आपल्या मानेची एका बाजूची नाडी हलकेच चाचपावी व दुसऱ्या हाताने घोट्याजवळची नाडी शोधावी. दोन ठोक्यांतील अल्प अंतर लक्षपूर्वक पाहिल्यास कळते. मानेच्या दोन्ही बाजू एकाच वेळी दाबू नयेत, ही सूचना आधीच द्यावी.

४. आटपाडी पूर्वी औंध संस्थानात होती आणि तेथील अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी शाळांतून सूर्यनमस्कारांचा प्रसार केला, हे पुष्कळ शिक्षकांस ज्ञात आहे. मुलांकडून बारा सूर्यनमस्कार घालवून आधीची व नंतरची नाडी मोजून फळ्यावर मांडावी. नाडीची संख्या वाढते, त्याचबरोबर प्रत्येक ठोका अधिक ठळक लागतो, हेही नोंदवावे.

५. आपल्या घरच्या किंवा शेजारच्या पाइपलाइनीची लांबी प्रत्येक मुलाने विचारून यावी. धक्क्याचा वेग सेकंदाला ३०० मीटर धरून जाण्या-येण्यास लागणारा वेळ काढावा. ६०० मीटरला ४ सेकंद, १,५०० मीटरला १० सेकंद, असे कोष्टक सहज तयार होते. त्याच्या दहापट वेळ हा व्हॉल्व्ह बंद करण्याचा वेळ म्हणून मुलांनी घरी सांगावा. चालू पाइपलाइनीवर व्हॉल्व्ह झटक्यात बंद करून धक्का पाहण्याचा प्रयोग मात्र कोणत्याही परिस्थितीत करू नये.

या पाठास दोन तासिका पुरेशा आहेत. पहिल्या तासिकेत मेंढरांचे उदाहरण, मुलांची रांग व ट्यूबचा प्रयोग घ्यावा. दुसरीत नाडी व गणित घ्यावे. मुलांनी घरून आणलेले आकडे टाचणवहीत नोंदवून केंद्राच्या शिक्षण परिषदेत मांडल्यास इतर शाळांनाही त्यांचा उपयोग होईल. टेंभूपासून टप्प्याटप्प्याने चढवून आणलेले पाणी शेवटच्या शंभर पावलांत कोणाच्या घाईने वाया जाऊ नये, एवढे जरी या पाठाने साधले तरी शिक्षकांचे श्रम सार्थकी लागतील.